मिक्स मलम, गाजर गवत आणि चिखल्या : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं शेतात, बागेत, गोठ्यात नाहीतर मैदानावर दिवस काढणाऱ्या घरांतून आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एक विनंती आधीच करून ठेवतो. औषधाच्या नळीचा फोटो पाठवताना बारीक अक्षरांत घटक छापलेली बाजू येऊ द्या. नुसत्या नावावरून काही कळत नाही.

प्रश्न : जांघेत आणि कमरेवर गजकर्ण आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की चार दिवसांत खाज थांबते, सोडलं की दुपटीने येते. आठ महिने हेच चाललं आहे. आता बायकोला आणि मुलालाही झालं. मी ट्रॅक्टर चालवतो, दिवसभर घाम असतो. (एक वाचक, बारामती तालुका)

तुमच्या नळीवर चार घटक आहेत : क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन. बुरशीवरचं औषध शेवटचं तेवढं. मधली दोन इतर जंतूंवरची, त्यांचं इथे काही काम नाही. पहिलं क्लोबेटासॉल, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यांत जोरकस. स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. बुरशीशी झगडताना त्वचेला जी लाली, सूज आणि खाज येते ती तेवढी दाबून टाकतं. चौथ्या दिवशी बरं वाटतं ते बुरशी हटली म्हणून नव्हे, तिला होणारा विरोध थांबला म्हणून. मलम सोडलं की विरोध पुन्हा सुरू होतो आणि तोवर पसरलेली सगळी जागा एकदम खाजायला लागते.

याचे आणखी दोन तोटे. चट्ट्याची ठळक गोल कडा पुसट होते, कधी वर्तुळात वर्तुळ दिसू लागतं, आणि मग डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही. दुसरा जास्त वाईट : जांघेतली कातडी मुळात पातळ, ती आणखी विरते आणि लांब चिरांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे नंतर कायम राहतात. अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे. तरी ती सर्रास मिळतात, हे वेगळं सांगायला नको.

आता काय करायचं. हे मलम आजपासून बंद. पहिला आठवडा-दीड आठवडा लाली आणि खाज वाढेल. त्याला घाबरून परत तीच नळी उघडू नका. त्या काळासाठी खाजेची गोळी डॉक्टर देतील. मग त्वचारोगतज्ज्ञाकडून कडेची साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याने अंदाज संपतो. भारतात सध्या जी बुरशी सगळ्यांत जास्त सापडते, ट्रायकोफायटन इंडोटिनी, ती टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून आठ-आठ महिने रेंगाळलेल्या गजकर्णाला बहुधा इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या जातात, त्याही चार ते आठ आठवडे किंवा जास्त. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही, आणि ही चूक फार जण करतात. हृदयाचा किंवा यकृताचा आजार, कोलेस्टेरॉलची चालू गोळी, घरात कोणी गरोदर, हे सगळं चिठ्ठी लिहिण्याआधी सांगा.

लावायचं मलम फक्त बुरशीवरचं, एकच घटक असलेलं हवं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा झाकते. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं सोडून सुरुवात करा आणि बाहेरून आत या. बुरशी कडेला जिवंत असते. बहुतेक लोक नेमकं मधेच चोळत बसतात. डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवा.

कमरेला करगोटा असेल तर काढा. तो ओला राहतो, तिथेच बुरशी टिकते आणि औषध संपलं की तिथूनच परत सुरू होते. मुलाच्या कमरेचा काळा दोराही त्यातच आला. चड्डी, बनियन, टॉवेल प्रत्येकाचे वेगळे. ते हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. ट्रॅक्टरवर जीन्सऐवजी सैल सुती पँट घाला, दुपारी एकदा चड्डी बदला. आणि तिघांचा उपचार एकाच दिवशी सुरू करा. एकेकाने घेतला तर गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहील.

प्रश्न : वासराच्या तोंडावर राखाडी खपल्यांचे गोल आले होते. आता आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पू भरलेली मऊ गाठ आली आहे आणि तिथले केस ओढले तरी निघतात. (सांगोला)

गुरांचंच गजकर्ण मुलाला लागलेलं असण्याची शक्यता मोठी. गाठ कापू किंवा पिळू देऊ नका. आत फोडासारखा पू साठलेला नसतो. डोक्यातल्या बुरशीला मलम पुरत नाही, केसांच्या मुळापर्यंत पोचायला पोटातूनच औषध लागतं. उशीर झाला तर त्या जागी केस कायमचे जातात, म्हणून या आठवड्यातच दाखवा. वासरू वेगळं बांधा, पशुवैद्यकांना दाखवा आणि खपल्या निघेपर्यंत मुलाला त्याच्याशी खेळू देऊ नका.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. दर पावसाळ्यात त्यांचा चेहरा, पापण्या, मान लाल होऊन जाड होते, खाजेने झोप लागत नाही. गावातले डॉक्टर उन्हाची ॲलर्जी म्हणतात. टोपी घालूनही फरक नाही. (श्रीगोंदा)

हनुवटीच्या खाली, कानामागे आणि वरच्या पापणीवर नीट बघा. या जागा सावलीत असतात. निव्वळ उन्हाच्या त्रासात त्या बऱ्यापैकी वाचतात. तिथेही पुरळ असेल, आणि कोपराच्या, मानेच्या घड्यांतही असेल, तर हवेतून उडून बसणाऱ्या कशाची तरी ॲलर्जी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वाढणारं असं पहिलं नाव गाजर गवताचं, म्हणजे काँग्रेस गवताचं. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम दिसलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या झाडाचा भुगा हवेत मिसळतो, तो घाम आलेल्या कातडीला चिकटतो. झाडाला हात लावायचीही गरज नाही. बराच काळ त्रास झालेल्यांना पुढे खरोखरच ऊनही सोसेनासं होतं, त्यामुळे डॉक्टरांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हे. पण मूळ गवतात आहे. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन-तीन दिवसांनी वाचायची पॅच टेस्ट असते, ती करून घ्या.

शेती सोडा असं कोणाला सांगता येत नाही, म्हणून भुगा कमी कसा बसेल ते बघायचं. गवत फुलोऱ्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटायचं, आणि ते काम ॲलर्जी नसलेल्या माणसाने लांब बाह्या व हातमोजे घालून करायचं. वडिलांनी त्या वेळी बांधावर जायचं नाही. वाळलेलं गवत जाळू नका. कालचाच गमछा आज तोंडाला बांधणं बंद करा. त्यातून काल बसलेला भुगा पापण्यांना चोळला जातो. रोज धुतलेला गमछा हवा. शेतातून आल्यावर आधी चेहरा-मान साध्या पाण्याने धुणं, मग कपडे बदलणं, मग चहा. त्यांचे कपडे आणि अंथरूण बांधाकडच्या तारेवर वाळत घालू नका. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली, काहींना तीही चालत नाही. देवाचे हार करत असतील तर लक्ष ठेवा.

उपचारात इथे स्टिरॉइडचं मलम लागतं, वरच्या प्रश्नातल्यासारखं ते वर्ज्य नाही. पण पापणीला सौम्य, हाताला जोरकस, आणि किती दिवस हे ठरवून. वर्षानुवर्षांचा त्रास असेल तर ॲझाथायोप्रीनसारख्या गोळ्या रक्त तपासत देतात. गावातल्या दवाखान्यात दर महिन्याला मिळणारं, 'लगेच आराम' देणारं इंजेक्शन बहुतेक वेळा स्टिरॉइडचंच असतं. साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या.

प्रश्न : द्राक्षबागेत काम करते. गालांवर वांग आले आहेत. सनस्क्रीन लावून चार महिने झाले, फरक नाही. नळी अजून अर्धी शिल्लक आहे. (दिंडोरी)

नळी अर्धी शिल्लक आहे, यातच कारण आहे. एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन ऊन किती अडवतं ते सांगणारा आकडा जितकं मलम लावून मोजतात, तितकं कोणी लावत नाही. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधलं बोट अशा दोन अख्ख्या बोटांवर पिळलेल्या रेघा लागतात. घराबाहेर पडण्याआधी वीस मिनिटं एकदा आणि घाम पुसून झाल्यावर दुपारी पुन्हा. असं रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची नळी तीन आठवड्यांच्या आसपास संपते. एसपीएफ ३० आणि ५० मध्ये फरक थोडा : पहिलं ९७ टक्के किरण अडवतं, दुसरं ९८. महागडं ५० पुरवून-पुरवून लावण्यापेक्षा ३० भरपूर लावलेलं बरं.

वांगांची आणखी एक गोष्ट आहे. सावळ्या त्वचेत ते अतिनील किरणांनीच नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. पांढऱ्या सनस्क्रीनमधून तो उजेड जातो. त्याला अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं, म्हणून त्वचेच्या रंगाचं, 'टिंटेड' लिहिलेलं सनस्क्रीन घ्या. खर्च झेपत नसेल तर मलम फक्त चेहऱ्यापुरतं ठेवा आणि बाकीचं काम कापडावर सोपवा : चारी बाजूंनी चार बोटं कड असलेली टोपी, खाली गडद रंगाचा, दाट विणीचा स्कार्फ. पातळ पांढरा सुती रुमाल ओला झाला की त्यातून किरण जास्त आत येतात, त्याच्या भरवशावर राहू नका.

डाग घालवायच्या तिहेरी मलमात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असतं. आठ-बारा आठवडे देखरेखीखाली ठीक; वर्षभर लावलं तर चेहरा लाल, पातळ आणि केसाळ होतो. गरोदरपणात तर नकोच. त्यापेक्षा ॲझेलाइक ॲसिडबद्दल डॉक्टरांशी बोला, ते हळू पण निर्धोक आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांनीही वांग वाढतात. आणि लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नका. त्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि मागे जो काळा डाग राहतो तो महिनोन्महिने जात नाही.

प्रश्न : मुलगा रोज तीन तास क्रिकेट खेळतो. गालावर फिकट पांढरे डाग आहेत. सासूबाई म्हणतात जंत झाले. (ठाणे)

जंतांचा संबंध नाही. कोरड्या त्वचेवर सौम्य पुरळ येऊन गेलं की तो भाग रंग कमी धरतो, आणि बाकीचा चेहरा उन्हाने काळवंडला की तो उठून दिसतो. आंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर, मैदानावर सनस्क्रीन; काही महिन्यांत रंग येतो. दोन गोष्टी मात्र तपासा. डाग दुधासारखा पांढराशुभ्र असेल तर कोड असू शकतं. डोळे मिटायला सांगून डागावर कापसाचं टोक टेकवा. मुलाला कळलं नाही तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची आणि सरकारी दवाखान्यात न्यायचं. त्याचे उपचार तिथे मोफत आहेत आणि वेळेत घेतले की तो पूर्ण बरा होतो. गालावर मात्र संवेदना गेलेली कळणं अवघड असतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत रंग आला नाही तर एकदा दाखवाच.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या होतात. मेंदी लावतो. यंदा बोटांमधून वास येतो आहे. (संगमेश्वर)

सतत ओल्याने बोटांमधली कातडी पांढरी, फुगीर होते आणि सोलते. तिथे बुरशी व यीस्ट शिरतात. करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यामधली जागा सगळ्यांत आधी जाते, कारण तिथे हवा लागत नाही. मेंदीने कातडी आवळते आणि सुकते, एवढा तिचा फायदा खरा. पण वास, हिरवट ओल आणि दुखणं म्हणजे आता जिवाणूही आहेत, मेंदीने ते जायचे नाहीत. बाजारातली 'काळी मेंदी' तर चिरलेल्या पायाला लावूच नका, तिच्यातल्या रंगाने फोड येतात.

संध्याकाळी पाय साबणाने धुवा. चार लिटर पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे तीन-चार खडे विरघळवा. पाणी फिकट गुलाबी हवं, जांभळं झालं तर कातडी भाजते. त्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा. कोरडे करताना प्रत्येक बोटामधून कापड फिरवा. क्लोट्रिमाझोल मलमाचा अगदी पातळ हात, आणि रात्री बोटांमध्ये कापसाची सैल वात. मलम जाड थापलं तर तीही ओलच होते. गमबूट घालत असाल तर आत गेलेलं पाणी दुपारी ओतून मोजे बदला आणि रात्री बूट उलटे टांगा. मधुमेह असलेल्यांनी घरी प्रयोग करू नयेत, पहिल्याच दिवशी दवाखाना.

याहून महत्त्वाचं असं की, चिरलेल्या पायातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आत जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाताच्या हंगामात हा ताप दरवर्षी असतो. ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं आणि डोळे लाल, असं झालं तर चिखल्यांचं मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि शेतातल्या पाण्यात उभे होतो हे सांगा.

प्रश्न : ऊसतोडीला गेलेलं भावाचं कुटुंब परत आलं आहे. सगळ्यांना रात्री खाज, लहान्याला पुळ्या. मलम लावलं, गेलं नाही. (पाटोदा, जि. बीड)

खरूज आहे, कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्याची. कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, एकाच अंथरुणावर पाच जण झोपले की ती एकट्याला होत नाही. मलम बरोबर असूनही फसतं ते लावण्याच्या पद्धतीमुळे. परमेथ्रिन ५ टक्के रात्री, गार आणि कोरड्या अंगाला, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावायचं. खाजतं तिथेच नव्हे, सगळीकडे. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काखा, स्तनांखाली, जांघ, लिंग, ढुंगणाची फट यांतलं काही सुटलं तर किडा तिथे उरतो. मोठ्या माणसाला ३० ग्रॅमची जवळजवळ अख्खी नळी लागते. एका नळीत चौघं भागवलीत तर उपयोग नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना डोकं आणि कपाळही, डोळे-तोंड सोडून. रात्री हात धुतले तर हाताला पुन्हा लावा. आठ ते बारा तासांनी आंघोळ. एक आठवड्याने हेच सगळं परत, कारण पहिल्या वेळी अंडी वाचलेली असू शकतात.

घरातल्या प्रत्येकाने त्याच रात्री लावायचं, खाज नसली तरी. अंगाशी लागणं आणि खाज सुरू होणं यांत चार-सहा आठवडे जातात. तीन दिवसांत वापरलेले कपडे-चादरी गरम पाण्यात. गोधडी धुणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पोत्यात बांधून चार दिवस ठेवा, माणसाशिवाय किडा तेवढा जगत नाही. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. ती उरलेल्या ॲलर्जीची असते. तेव्हा रोज मलम चोळत राहिलात तर त्यानेच कातडी चुरचुरेल.

दोन महिन्यांखालचं बाळ आणि गरोदर बाई यांचं औषध डॉक्टर ठरवतील. लहान्याच्या पुळ्यांत पू आहे, त्याला प्रतिजैविक लागेल. त्या पुळ्यांनंतर पुढच्या काही आठवड्यांत सकाळी चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली तर मूत्रपिंडावर परिणाम झाला असू शकतो, थांबू नका.

प्रश्न : फवारणीनंतर मनगटावर आणि मांड्यांवर पुरळ येते. हातमोजे घालतो. (यवतमाळ)

पाठीवरचा पंप गळतो का बघा. मांड्या-कंबर तिथूनच भिजतात. वायसर बदलायला फार खर्च नाही. मोज्यांचं असं आहे : खालच्या पिकावर मारताना बाही मोज्याच्या वर हवी, म्हणजे ओघळ आत जात नाही. डोक्याच्या वर मारत असाल, उंच कापूस किंवा द्राक्षाचा मांडव, तर बाही मोज्याच्या आत. मोजे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, आतून कापड नसलेले घ्या. कापडात औषध मुरतं. काढण्याआधी मोजे घालूनच हात साबणाने धुवा.

औषध अंगावर सांडलं तर कपडे तिथेच काढा, पंधरा मिनिटं साबण आणि भरपूर पाणी. फवारणीचे कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर एका बादलीत घालू नका. पुरळ हा यातला छोटा भाग आहे. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी दगावले. घाम आणि लाळ सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, उलटी, छातीत आवळणं यांपैकी काहीही दिसलं तर औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात.

प्रश्न : ओले काजू सोलून हातांची सालं निघतात. खोबरेल लावतो ते बरोबर का? (सावंतवाडी)

आधी लावलं तर बरोबर. तेलाचा थर असला की टरफलाचा डीक कातडीला थेट चिकटत नाही; वरून नायट्राइलचे मोजे घातले तर आणखी चांगलं. फोड आल्यावर तेलाने काही साधत नाही. तेव्हा साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा, फोड फोडू नका. डिकाच्या हाताने लघवीला जाऊ नका, डोळे चोळू नका. ज्यांना काजूचा डीक लागतो त्यांना बिब्बा आणि आंब्याचा चीकही बहुधा लागतो, कारण तिन्ही एका कुळातले. अशांनी हापूसची साल दातांनी सोलू नये आणि गुडघेदुखीवर कोणी बिब्बा लावायला आलं तर सरळ नको म्हणावं.